पाट्यांपलीकडचे अहमदाबाद

इमारतींमध्ये दिशादर्शक पाट्या बसवणे हा माझा गेल्या अठरा वर्षांचा व्यवसाय आहे. बाण किती उंचीवर असावा, अक्षर किती जाड असावे, पिवळ्यावर काळे चांगले की निळ्यावर पांढरे, याच विचारात माझा दिवस जातो. काही वर्षांपूर्वी एका मोठ्या रुग्णालयात आम्ही दीडशेहून अधिक पाट्या बसवल्या. आठवड्याभराने मी पाहायला गेले, तेव्हा माणसे पाटीच्या बरोबर खाली उभी राहून रखवालदाराला वाट विचारत होती. चूक त्या माणसांची नव्हती. इमारतीची वळणे, सारखीच दिसणारी दारे आणि कुठूनच बाहेरचा उजेड न येणारे बोळ त्यांना एक सांगत होते आणि माझ्या पाट्या दुसरेच सांगत होत्या. अशा वेळी माणूस इमारतीचे ऐकतो. पाटी नसताना वास्तू माणसाशी कशी बोलते, हे एकदा सावकाश पाहून यावे असे तेव्हापासून माझ्या मनात होते. पाच-साडेपाच शतकांची बांधकामे एकाच नदीच्या आसपास पाहायला मिळतात म्हणून मी अहमदाबाद निवडले.

सोबत मावशी होती. ती ७१ वर्षांची आहे आणि शाळेतून शिक्षिका म्हणून निवृत्त झाली आहे. डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग निकामी होत गेल्यामुळे जिकडे नजर रोखावी तिथेच तिला राखाडी डाग दिसतो. अक्षर वाचता येत नाही, समोरच्याचा चेहरा ओळखता येत नाही. मात्र कडेची नजर शाबूत असल्यामुळे भिंतीची कड, दाराची चौकट, उजेड कुठे संपतो आणि सावली कुठे सुरू होते, हे तिला कळते. निघण्याआधीच तिने मला बजावले होते, "मला पाट्या वाचून दाखवत बसू नकोस. मला चालू दे, अडलं तर मी विचारेन."

पहिला दिवस

आगगाडी सकाळी कालूपूरला पोहोचली आणि तिथून आम्ही मेट्रोने नदी ओलांडली. स्थानकाच्या फरशीवर पिवळ्या, उठावाच्या लाद्यांची पट्टी होती. या लाद्या जपानमध्ये सेइइची मियाके यांनी तयार केल्या आणि १९६७ मध्ये ओकायामा शहरात त्या पहिल्यांदा बसवल्या गेल्या. आज त्या जगभरच्या स्थानकांवर दिसतात. त्यांत दोनच खुणा असतात. लांबट उंचवट्यांच्या रेघा असतील तर त्या दिशेने चालत राहायचे, आणि गोल ठिपके लागले की थांबायचे, कारण पुढे जिना, वळण किंवा फलाटाची कड असते. मावशीने चपलेच्या पातळ तळव्यातून दोन्ही खुणा आळीपाळीने तपासल्या आणि म्हणाली, "हे व्याकरण सोपं आहे. रेघ म्हणजे वाक्य चालू, ठिपका म्हणजे पूर्णविराम." फलाटाच्या कडेशी ती माझ्या सांगण्याआधीच थांबली.

पुढे रस्त्यावर आल्यावर मात्र एका पदपथावर हीच पिवळी पट्टी सरळ जाऊन विजेच्या खांबाला भिडलेली दिसली. लाद्या चांगल्या होत्या, नीट बसवलेल्याही होत्या, पण ज्याने त्या बसवल्या त्याला ती केवळ शोभेची नक्षी वाटली असावी. पायाला "निर्धास्त ये" असे सांगून कपाळाला खांब दाखवणारी पट्टी ही माझ्या दृष्टीने चुकीच्या पाटीपेक्षा गंभीर गोष्ट आहे, कारण तिच्यावर विश्वास ठेवणाऱ्याजवळ खात्री करून घेण्याचा दुसरा मार्ग नसतो.

मुक्कामाच्या जागीही असाच एक अनुभव आला. तिथे काचेच्या मुख्य दाराला आतून आणि बाहेरून एकसारखी उभी मूठ होती, आणि तिच्यावर एका बाजूला 'ढकला', दुसऱ्या बाजूला 'ओढा' असे लिहिले होते. मूठ हाताला लागली की हात ती ओढतो. त्यासाठी विचार करावा लागत नाही. मावशीने दार ओढले, ते हलले नाही आणि तिच्या खांद्याला चांगलाच हिसका बसला. ढकलायच्या बाजूला मुठीऐवजी धातूची सपाट पट्टी असती, तर धरायला काही न सापडल्याने तळवा आपोआप तिच्यावर टेकला असता आणि दार उघडले असते. पितळी पट्टीचे हे काम त्या दोन शब्दांवर सोपवले होते, आणि शब्द वाचता न येणाऱ्या व्यक्तीने त्याची किंमत मोजली. अशा दारांना मीही आजवर कितीतरी वेळा 'ढकला'च्या पट्ट्या चिकटवून दिल्या आहेत, हे मला त्या दिवसभर टोचत राहिले.

दुपारी साबरमती आश्रमात गेलो. १९१७ मध्ये गांधीजी कोचरबच्या आपल्या पहिल्या आश्रमातून या नदीकाठी राहायला आले आणि १२ मार्च १९३० रोजी ७८ सहकाऱ्यांसह दांडीकडे निघेपर्यंत इथेच राहिले. हृदयकुंज हे त्यांचे घर कौलारू, बसके आणि ऐसपैस ओसरीचे आहे. त्यांची खोली दारातूनच पाहायची असते. आत पांढरी गादी, लोड, बुटके लिहिण्याचे मेज आणि चरखा, एवढेच. दाराशी आलेली माणसे काही क्षणांतच किंचित वाकत होती, आणि ती तशी का वाकतात हे मी बराच वेळ पाहत राहिले. खोलीतील प्रत्येक वस्तू जमिनीवर बसलेल्या माणसाच्या मापाची आहे. उभ्या माणसाच्या नजरेला तिथे टेकायला काहीच मिळत नाही, म्हणून नजर खाली जाते आणि नजरेमागून मान जाते. नमस्कार करा असे कोणी लिहिलेले नाही. मेजाची उंचीच ते काम करते.

त्या घरापासून थोड्या अंतरावरील संग्रहालय चार्ल्स कोरिया यांनी बांधले आहे. नेहरूंच्या हस्ते १९६३ मध्ये त्याचे उद्घाटन झाले, तेव्हा कोरिया जेमतेम बत्तीस वर्षांचे होते. राष्ट्रपुरुषाचे स्मारक म्हटल्यावर उंच घुमट, रुंद पायऱ्या आणि भव्य प्रवेशद्वार यांची अपेक्षा कोणीही केली असती. कोरियांनी तसे काहीही केले नाही. सहा मीटर लांब आणि तितक्याच रुंद अशा चौकटींचे ५१ घटक त्यांनी एकमेकांना जोडले. काही घटक भिंतींनी बंद केले, काही मोकळे सोडले, आणि मध्यभागी पाण्याचे कुंड ठेवले. विटांचे खांब, कौलांचे छप्पर, दगडी फरशी आणि लाकडी दारे एवढेच साहित्य वापरले आहे. खिडक्यांना काच नाही, लाकडी पट्ट्यांच्या झडपा आहेत. छपराला आधार देणाऱ्या काँक्रीटच्या तुळया पन्हळीसारख्या पोकळ आहेत, त्यामुळे छपरावरचे पावसाचे पाणी त्यांच्यातूनच वाहून जाते.

मी सवयीने बाण शोधला. तो नव्हता, आणि थोड्याच वेळात त्याची गरजही उरली नाही. एका बंद दालनातून निघाल्यावर पुढच्या मोकळ्या चौकटीतील उजेड आपल्याला तिकडे नेतो, तिथून कुंडाचे पाणी दिसते, आणि पाण्यापलीकडे दुसरे दालन अर्धवट दिसत असते. कुठून सुरू करायचे आणि कुठे संपवायचे याचा हुकूम ही वास्तू देत नाही. मावशी माझ्यापुढे चालत होती. छपराखाली आल्यावर आपल्याच पावलांचा आवाज जवळून येतो आणि अंगणात गेल्यावर तो विरून जातो, त्यावरून आपण आत आहोत की बाहेर हे कळते, असे तिने सांगितले. मी इतकी वर्षे पाट्यांचे काम करते आहे, पण आवाजाने वाट दाखवता येते हा विचार माझ्या आराखड्यांत कधी आला नव्हता.

दुसरा दिवस

आजचा दिवस जुन्या शहरासाठी ठेवला होता. सुलतान अहमदशहाने १४११ मध्ये वसवलेल्या या तटबंदीच्या शहराला २०१७ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. शहराचा जीव त्याच्या पोळींमध्ये आहे. पोळ म्हणजे एका दरवाज्यामागे वसलेली गल्ली, तिच्या पोटगल्ल्या आणि एकमेकांना भिंती लावून उभी असलेली घरे. संस्कृतातील 'प्रतोली' या शब्दापासून हे नाव आले आहे.

पोळीच्या दरवाज्यातून आत गेल्यावर दहा-बारा पावलांतच आवाज बदलतो. रस्त्यावरचा गोंगाट मागे पडतो, गल्ली अरुंद होते आणि लगेच वळते, त्यामुळे पुढचे फार दूरचे दिसत नाही. दोन्ही बाजूंच्या घरांचे वरचे मजले पुढे आल्यामुळे डोक्यावर आकाशाची एक पट्टी तेवढी उरते. माझी चाल आपोआप मंदावली, आवाजही खाली आला. आपण आता सार्वजनिक रस्त्यावर नसून कोणाच्या तरी दारात आहोत, हे तिथल्या कोणीही तोंडाने सांगितले नाही. मोठ्या रस्त्यापासून घराच्या माजघरापर्यंतची वाट इथे टप्प्याटप्प्याने खासगी होत जाते: आधी दरवाजा, मग गल्ली, मग घरासमोरचा ओटा, मग उंबरठा, मग चौक. प्रत्येक टप्प्यावर जागा थोडी उंचावते किंवा थोडी आक्रसते आणि तेवढ्यावरून परक्या माणसाला आपली हद्द कळते.

यात ओट्याचे काम मला सर्वांत नाजूक वाटते. ओटा घराचाही असतो आणि गल्लीचाही. तिथे बसलेल्या माणसाला घरात घेतले असेही होत नाही आणि दारातून परतवले असेही होत नाही. मावशी दमली होती. एका घरासमोरच्या ओट्याची कड तिच्या गुडघ्याला लागली आणि ती कोणाला न विचारता तिथे टेकली. आतून एक बाई डोकावल्या, दोघींनी एकमेकींकडे पाहून मान हलवली, आणि बाई पुन्हा कामाला लागल्या. मावशीला त्यांचा चेहरा दिसला नव्हता. मान हललेली मात्र दिसली होती.

गल्ल्या एकत्र येतात त्या जागी खांबावर उभारलेले, नक्षीदार छपराचे छोटे मनोरे आहेत. त्यांना चबुतरो म्हणतात. पक्ष्यांना दाणे ठेवण्यासाठी ते बांधलेले आहेत. घरांच्या दाटीत पक्ष्यांची झाडे गेली, तेव्हा त्यांच्यासाठी ही सोय केली असे तिथले लोक सांगतात. माणसांना हात लांब केला तर समोरच्या भिंतीला लागावा इतकी जागेची टंचाई असलेल्या वस्तीने चौकातली मोक्याची जागा पक्ष्यांना दिली आहे. लांबेश्वरनी पोळ या गल्लीत कवी दलपतराम यांच्या घराच्या जागी त्यांचा पुतळा आहे, आणि तो उंच चौथऱ्यावर नसून ओट्यावर बसलेला आहे. मावशीने त्याच्या हातावर हात ठेवला आणि शेजारी बसून घेतले. पुतळा चौथऱ्यावर चढवला की माणसे हार घालून निघून जातात. ओट्यावर बसवलेल्या कवीजवळ ती बसतात.

जामा मशिदीत आम्ही थोडा वेळच होतो. ही मशीद १४२४ ची आहे, तिला २६० खांब आहेत, आणि पोळींच्या दाटीतून आल्यानंतर समोर पसरणारे तिचे अंगण पाहिल्यावर श्वास आपोआप खोल जातो. कुठपर्यंत पादत्राणे चालतात हे तिथे काढून ठेवलेल्या चपलांची रांगच सांगत होती.

तिथून तीन दरवाज्याकडे निघालो. त्या ठिकाणी मी पाहिलेल्या दोन गोष्टी या प्रवासातून मला सर्वांत जास्त विचार करायला लावणाऱ्या ठरल्या.

अहमदशहाच्या काळात बांधलेल्या या दरवाज्याला तीन कमानी आहेत. मधली रुंद आणि बाजूच्या दोन अरुंद. त्यांच्याखालून आजही बाजाराची गर्दी वाहते. या दरवाज्याच्या एका कोनाड्यात दिवा तेवतो. शहर सोडून निघालेल्या लक्ष्मीला इथल्या पहारेकऱ्याने थोपवून धरले आणि तिने परत जाऊ नये म्हणून स्वतःचा प्राण दिला, अशी आख्यायिका आहे. तिच्या स्मरणार्थ तेवणाऱ्या या दिव्याची देखभाल पिढ्यान् पिढ्या एक मुसलमान कुटुंब करत आले आहे. समोरून जाणाऱ्यांपैकी कितीतरी जण क्षणभर थांबत होते, कोणी हात जोडत होते, कोणी नुसती नजर टाकून पुढे जात होते. त्यांपैकी किती जणांना आख्यायिका पूर्ण ठाऊक असेल, सांगता येत नाही. गजबजलेल्या बाजारात एक दिवा तेवतो आहे म्हणजे कोणीतरी कशाची तरी रोज काळजी घेत आहे, एवढे कळायला आख्यायिका लागतही नाही.

त्याच दरवाज्यावर एक शिलालेख आहे. मराठ्यांचा सुभेदार चिमणाजी रघुनाथ याने १० ऑक्टोबर १८१२ रोजी काढलेले फर्मान देवनागरी अक्षरांत तिथे कोरलेले आहे. मुलीला वडिलांच्या मालमत्तेतील वाटा विनाअडथळा मिळावा, आणि जो हे मोडेल त्याने हिंदू असल्यास महादेवाला, मुसलमान असल्यास अल्लाला जाब द्यावा, असा त्याचा आशय आहे. आपल्या कायद्याने मुलींना हा हक्क पुरतेपणी देण्याच्या कितीतरी आधी हे शब्द भर रस्त्यावर दगडात कोरले गेले होते. मी तिथे पाऊण तास उभी होते. तेवढ्या वेळात त्या लेखासमोर थांबलेले एकही माणूस मला दिसले नाही.

मी मावशीला हे सांगितले तेव्हा माझ्या सुरात, बघ, दिवा जिंकला आणि अक्षरे हरली, असा काहीसा भाव असावा, कारण तिने मला लगेच अडवले. ती म्हणाली, "मुलीला वाटा द्या, हे दिव्याला कसं सांगता येईल? ते लिहावंच लागतं. ज्यानं लिहिलं त्यानं बरोबर केलं. वाचणारे कमी पडले." तिचे म्हणणे मला पटले आणि माझ्या मनातली एक मांडणी तिथेच मोडली. वास्तू आणि वस्तू 'ये', 'थांब', 'बस', 'वाक', 'सांभाळ' एवढे सांगू शकतात आणि ते त्या कोणत्याही भाषेपेक्षा लवकर सांगतात, कारण त्या हात, पाय आणि कान यांच्याशी थेट बोलतात. हक्काची वाटणी, अपवाद, अट, तारीख हे मात्र त्यांना सांगता येत नाही. ते काम शब्दांचे आहे. दगडाने सांगायचे ते आपण पाटीवर ढकलतो आणि शब्दांनी सांगायचे ते दगडाच्या शोभेत हरवू देतो, असा दुहेरी घोळ आपण करत आलो आहोत.

तिसरा दिवस

सकाळी लवकर अडालजला गेलो. अहमदाबादच्या उत्तरेला सुमारे १८ किलोमीटरवर असलेली ही वाव, म्हणजे पायऱ्यांची विहीर, वाघेला घराण्यातील वीरसिंहाची राणी रुडाबाई हिने पुरी करवून घेतली; आतील संस्कृत शिलालेखात १४९९ या सालाशी जुळणारा काळ आहे. जमिनीवरून पाहिले तर तिथे फारसे काही दिसत नाही. इमारत वर चढण्याऐवजी पाच मजले खाली उतरते.

मला मावशीची काळजी वाटत होती, कारण पायऱ्या म्हणजे तिची सर्वांत मोठी अडचण. पहिल्या चार पायऱ्या तिने माझा दंड घट्ट धरून उतरल्या. पाचव्या-सहाव्या पायरीला पकड सैल झाली. पुढे ती एका हाताचा तळवा भिंतीला लावून स्वतःच उतरू लागली. मी कारण विचारले तेव्हा म्हणाली, "एक पायरी कळली की सगळ्या कळतात. पायाला पाठ झाल्या." ती नजर खाली लावत नव्हतीच. समोर पाहत होती, आणि कडेच्या नजरेला दोन्ही बाजूंच्या भिंती, खांब आणि कोनाडे लागत होते. काही पायऱ्या उतरल्यावर सपाट टप्पा येतो, तिथे खांबांचा मंडप असतो, आणि पाऊल आपोआप थांबते. पुन्हा पायऱ्या, पुन्हा टप्पा. डोक्यावरून पाणी वाहणाऱ्या बायका या वाटेने चढत-उतरत असणार, आणि त्यांच्या श्वासाचा हिशेब ज्याने केला त्याने तो दगडातच मांडून ठेवला आहे.

खाली जाताना जे घडते ते मी शक्य तितके नेमके सांगण्याचा प्रयत्न करते. आधी उजेड बदलतो. वरचे पांढरे ऊन पहिल्या मजल्यावर पिवळसर होते, पुढे ते तुळयांमधून पट्ट्यापट्ट्यांनी येते, आणि तळाशी आल्यावर त्याचा केवळ अंदाज उरतो. मग हवा बदलते. दंडावर गारवा आधी जाणवतो, चेहऱ्यावर नंतर. त्यानंतर आवाज बदलतो. वरची बोलणी तुटक होत जातात आणि आपले स्वतःचे बोलणे जवळून, जडपणे ऐकू येऊ लागते. शेवटी वास येतो, ओल्या दगडाचा. पाणी दिसण्याच्या कितीतरी आधी पाणी जवळ आले आहे हे त्वचा, कान आणि नाक यांना कळलेले असते. तळाशी अष्टकोनी विहिरीतून वर पाहिले की आकाशाचा एक अष्टकोनी तुकडा दिसतो. इथे मावशी बराच वेळ मान वर करून उभी होती. नजरेतल्या मधल्या डागाभोवती त्या तुकड्याच्या कडा तिला दिसत होत्या.

अडालजला तीन बाजूंनी उतरणारे तीन जिने पहिल्या मजल्याच्या चौकात एकत्र येतात. वेगवेगळ्या वाटांनी आलेली माणसे पाण्याकडे जाण्याआधी एकमेकांसमोर यावीत, असेच जणू त्याचे नियोजन आहे. विहिरीवरच्या गाठीभेटी योगायोगावर सोडलेल्या नाहीत.

दुपारी मोढेऱ्याचे सूर्यमंदिर पाहिले. पहिल्या भीमदेवाच्या काळात, १०२६-२७ च्या सुमारास ते उभे राहिले. सभामंडपाचे ५२ खांब आणि त्यांवरील कोरीव काम यांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे, म्हणून मी समोरच्या कुंडाबद्दलच लिहिते. या कुंडाच्या उतारावर छोट्या छोट्या पायऱ्यांचे त्रिकोणी पुंजके आहेत आणि मध्ये मध्ये लहान देवळ्या, एकूण १०८. सरळ रेषेत पाण्यापर्यंत उतरता येत नाही. डावीकडे चार पायऱ्या उतरायच्या, टप्प्यावर यायचे, वळायचे, उजवीकडे चार पायऱ्या उतरायच्या, पुन्हा वळायचे. प्रत्येक वळणावर एखादी देवळी अगदी हाताच्या अंतरावर येते. घाईने उतरू पाहणाऱ्या माणसाला हे कुंड घाई करूच देत नाही, आणि मंदिराकडे तोंड करून वर चढेपर्यंत मन बऱ्यापैकी शांत झालेले असते. मावशी इथे वरच्या पायरीवरच बसून राहिली. तिच्या पायांना हे पाठ होण्यासारखे नव्हते आणि तसे तिने मोकळेपणाने सांगितले.

चौथा दिवस

शेवटच्या दिवशी विसाव्या शतकातील दोन इमारती पाहायच्या होत्या. गिरणी मालक संघाची इमारत ल कॉर्ब्युझिए यांनी बांधली. ती १९५४ मध्ये पूर्ण झाली. फाटकातून आत गेल्यावर एक लांब सरळ चढण जमिनीवरून थेट पहिल्या मजल्यात शिरते. दार शोधावे लागत नाही, कारण इमारतीने आपला हातच पुढे केलेला असतो. मावशीला ही चढण फार आवडली. पायरीची कड शोधण्याचा ताण नाही, पाऊल सहज पडत जाते. पश्चिमेला, रस्त्याच्या बाजूला, काँक्रीटचे उभे पडदे तिरपे लावले आहेत, त्यामुळे उतरते ऊन अडते. पूर्वेला, नदीच्या बाजूला, तेच पडदे सरळ उभे राहून वाऱ्याला वाट देतात. उत्तर आणि दक्षिणेच्या विटांच्या भिंती जवळजवळ बंदच आहेत. सूर्य कोणत्या बाजूने त्रास देतो आणि वारा कोणत्या बाजूने येतो, हे त्या वास्तूभोवती एक फेरी मारली तरी समजते. काँक्रीटवर साच्याच्या फळ्यांचे ठसे तसेच ठेवले आहेत. मावशीने त्यांवरून बोटे फिरवली आणि लाकडाच्या रेषा हाताला लागल्यावर ती भिंत लाकडाची आहे का, असे विचारले.

भारतीय व्यवस्थापन संस्थेच्या जुन्या आवारात आधी परवानगी घेऊन जावे लागते आणि आम्हाला ठरावीक भागच पाहता आला. लुई कान यांनी १९६२ मध्ये हे काम हाती घेतले. बाळकृष्ण दोशी आणि अनंत राजे त्यांच्यासोबत होते. विटेला काय व्हायचे आहे ते तिलाच विचारा, ती कमान मागेल, असे कान सांगत असत, आणि इथे त्यांनी तिला ती मनसोक्त दिली आहे. कमानींची टोके बाहेर फाकू नयेत म्हणून त्यांना काँक्रीटच्या आडव्या पट्ट्यांनी बांधले आहे. भार कुठून कुठे जातो हे विटा आणि पट्ट्या उघडपणे दाखवतात. कान यांचे हे शेवटच्या कामांपैकी एक. मार्च १९७४ मध्ये भारतातून परतल्यावर न्यूयॉर्कमध्ये त्यांचे निधन झाले. या आवारात मला एकच खटकले: नंतर लावलेल्या सूचनाफलकांनी काही सुंदर भिंती अडवल्या आहेत. त्यांतले बरेचसे फलक अनावश्यक होते, असे मी माझ्या धंद्याला स्मरून म्हणते.

या संस्थेचे बोधचिन्ह सिदी सैयद मशिदीच्या जाळीवरून घेतलेले आहे. गाडीला वेळ होता, म्हणून तिकडे वळलो. ही मशीद १५७२-७३ ची, गुजरातच्या सुलतानीच्या अखेरच्या काळातील आहे. तिच्या कमानींमध्ये दगडी जाळ्या बसवल्या आहेत, आणि त्यांपैकी मागच्या, म्हणजे पश्चिमेच्या भिंतीतील झाडांच्या फांद्या गुंतवून कोरलेल्या जाळ्या जगप्रसिद्ध आहेत. आम्ही मागच्या रस्त्याच्या कडेला उभ्या राहिलो. मावळतीचे ऊन भिंतीवर पडले होते, त्यामुळे दगड उजळ आणि जाळीची छिद्रे काळी दिसत होती. फांद्या खोडापासून निघून कमानीच्या कडेपर्यंत कशा जातात, पाने कुठे दाट होतात, ताडाचे झाड कुठे आहे, हे मी मावशीला हवेत बोट फिरवून दाखवत होते.

मावशीने भिंतीच्या मध्यावर नजर ठेवली, म्हणजे दोन्ही बाजू तिला कडेने दिसतील अशी. बराच वेळ पाहिल्यावर म्हणाली, "डावीकडे काळं-पांढरं गुंतलेलं दिसतंय. उजवीकडेही दिसतंय. मधल्या कमानीत मात्र काहीच नाही गं. तिथं माझा डाग येतोय."

मधल्या कमानीत जाळी नाही. ती नुसत्या दगडांनी भरून टाकलेली आहे; मुघल आले आणि काम अपुरे राहिले, असे सांगतात. मी तिला तसे सांगितले.

"मावशी, तिथं मलाही काही दिसत नाहीये. तिथं साधी भिंतच आहे."

ती आणखी थोडा वेळ त्या कमानीकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे मला बरोबर दिसतंय."